टेपावरचा रस्ता

"ब्लेड तिरकं धर, तिरकं! आडवं धरलं की सगळा मुरूम खाली घेऊन जातीस तू!"

चांगदेव ओट्यावरून ओरडत होता. निम्मे शब्द इंजिनाच्या आवाजात विरत होते आणि निम्मे त्याच्याच धापेत. पण ठकूबाईला ते ऐकायची गरज नव्हती. सकाळपासून तो हेच सांगत होता.

तिने ट्रॅक्टर थांबवला, दोन्ही ब्रेक दाबून अडकवले आणि मागच्या चाकाखाली दगड सरकवायला खाली उतरली. पातळाचा ओचा तिने कमरेला घट्ट खोचला होता आणि वरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला होता. मागे जाऊन तिने ब्लेडची पिन हातोडीने ठोकून काढली, पाते एक भोक डावीकडे फिरवले आणि पिन परत बसवली. बोट चेंगरले. तिने बोट तोंडात धरले आणि वर बघितले. चांगदेव खांबाला टेकून, शाल पांघरून बसला होता. त्याने मान हलवली. आता बरोबर.

मढ गावाच्या पुढे डांबरी सडकेवरून एक फाटा टेपावर, म्हणजे लहानशा टेकडीवर चढायचा. सव्वादोनशे पावलांचा चढ, मधे जांभळाच्या झाडापाशी एक वळण आणि वर ह्या नवरा-बायकोचे एकटे घर. चांगदेवच्या बापाने ती वाट पहारीने फोडली होती. चांगदेवने तिचा रस्ता केला. भातखाचरांच्या चिखलणीसाठी त्याने छोटा ट्रॅक्टर घेतला तेव्हाच ओतूरहून लोखंडी ब्लेड बनवून आणले, मागे जोडले आणि तेव्हापासून पावसाळाभर दर आठवड्याला तो रस्त्याची पाठ नीट करायचा. त्याचा शब्द होता तो, रस्त्याची पाठ. बैलाच्या पाठीसारखी मधे उंच, दोन्हीकडे उतरती. पाणी रस्त्यावर थांबता कामा नये आणि रस्त्यावरून पळताही कामा नये, ते कडेच्या चारीत जायला पाहिजे. कडेला गेलेला मुरूम ब्लेडने ओढून परत मधे आणायचा, वर न्यायचा, दाबायचा. पाऊस पुन्हा खाली आणणारच. आपण पुन्हा वर न्यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार नारायणगावला डायलिसिस. जुन्नरचा तौहीद आपली जीप घेऊन सकाळी सातला यायचा, थेट ओट्यापर्यंत चढायचा, आणि दुपारनंतर आणून सोडायचा. जीप ओट्याला लागली पाहिजे, कारण चांगदेवला दहा पावलांवर धाप लागे. लेक हर्षाली अवसरी बुद्रुकला दिलेली. ती म्हणाली, अप्पा, आमच्याकडं येऊन राहा, मंचरला मशीन हाय. चांगदेव म्हणाला, लेकीच्या सासरी मरायला येऊ का मी?

शिमग्यापर्यंत तो स्वतः ट्रॅक्टरवर बसत होता. एकदा वळणावर त्याला भोवळ आली आणि ट्रॅक्टर जांभळाला जाऊन टेकला. त्यानंतर भाड्याचा ड्रायव्हर लावून बघितला. त्याने रस्ता खळ्यासारखा सपाट करून दिला आणि पहिल्याच वळवाने मधोमध गुडघाभर नाळ पाडली.

"मी शिकते," ठकूबाई म्हणाली.

चांगदेव हसला होता. मग त्याने तिला शिकवले. दोन्ही ब्रेकची पेडलं कडीने जोडून घे, न्हाईतर एकच चाक धरंल आन् ट्रॅक्टर फिरंल. उतरताना गाडी कधी न्यूट्रल करायची न्हाई, पहिल्या गिअरात इंजिनाच्या जोरावर उतरायचं. आन् घसरलीच, तर ब्रेकवर उभी राहू नको. ब्लेड टाक. ब्लेड जमिनीत रुतंल, तीच तुझी खुंटी.

तिने हे सगळे तोंडपाठ केले. पन्नाशी ओलांडल्यावर तिच्या पोटऱ्यांना क्लचची सवय झाली. उजव्या तळव्याला लिफ्टच्या दांड्याचा घट्टा पडला. सडकेने जाणारे गाडीवाले मान वळवून बघायचे, कुणी मोबाईल काढायचे. तिचे लक्ष फक्त मागे, पात्याखालून वळत जाणाऱ्या मुरमाच्या वरंब्याकडे.

पण त्या भाद्रपदात मुरूम ठरेना. ती वर न्यायची आणि दोन दिवसांत तो सडकेवर जाऊन पडायचा. कारण तिला माहीत होते. चारी तुंबली नव्हती, चारी बुजवली होती.

टेपाच्या डाव्या अंगाने येणारी चारी जांभळाच्या खाली दादाभाऊच्या खाचराच्या बांधाला जाऊन मिळायची. दादाभाऊ म्हणजे चांगदेवचा सख्खा चुलत भाऊ, वयाने दोन वर्षांनी लहान. गेल्या साली अतिवृष्टीत चारीचे पाणी मुरूम घेऊन त्याच्या दोन खाचरांत शिरले आणि लावणी झालेले भात मुरमाखाली गाडले गेले. ह्या साली त्याने पावसाआधीच चारीच्या तोंडाशी दगड रचले, वर माती लोटली. मग पाणी रस्त्यावरूनच धावू लागले.

ती बोलायला गेली तेव्हा दादाभाऊ पडवीत इळा पाजळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. त्याच्या बायकोने, कुशाबाईने पाट टाकला, पण चहाचे विचारले नाही.

"भावजी, चारी जरा मोकळी करा. हप्त्यातून तीनदा गाडी चढती. ह्यांचं तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय."

"मंग?"

"मंग माझ्या खाचराचं काय करू, ते सांगा." तो इळ्याच्या धारेकडे बघत म्हणाला. "वैनी, मी भात लावतो. मुरूम न्हाई लावत. गेल्या साली दोन खाचरं गेली, तवा कोण आलं बघायला?"

"तवा ह्यांचं दुखणं लई वाढलं व्हतं."

"व्हतं. म्हणून मी बोललो न्हाई. आता तुमी बोलाय आलात म्हणून बोललो."

"चारीच्या तोंडाशी खड्डा घेऊ. मुरूम त्यात बसंल, नुसतं पाणी येईल. मी घेते खड्डा."

"भात निसवू द्या, लोंब्या पडू द्या. दिवाळीला काढतो दगड."

"दिवाळीला पाऊस कुठं ऱ्हातोय, भावजी?"

दादाभाऊने धारेवर पाणी शिंपडले. इळा दगडावर घासत राहिला. ती उठली तेव्हा कुशाबाई पाट उचलायला इतक्या घाईने वाकली की ठकूबाईचा पाय त्यात अडकता अडकता राहिला.

घरी येऊन तिने चांगदेवला सांगितले. सगळे ऐकून तो म्हणाला, "त्याचं बी खरंय." त्या तीन शब्दांनी ती जास्त दुखावली.

रविवारी दुपारी धरलेला पाऊस सोमवारी संध्याकाळपर्यंत हटला नाही. मंगळवारी सकाळी तौहीदची जीप जांभळापर्यंत आली आणि चाके जागच्या जागी फिरू लागली. मुरूम वाहून खालचा कातळ उघडा पडला होता. तौहीद पायी वर आला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

"काकू, गाडी न्हाई चढत. काकांना खाली घ्यावं लागंल."

प्लास्टिकच्या खुर्चीत चांगदेवला बसवले, उपरण्याने खुर्चीला बांधले. एका बाजूने तौहीद, दुसऱ्या बाजूने ठकूबाई. वीस पावलांवर तिचा हात सुटू लागला. तेवढ्यात खालून दादाभाऊ चढून आला, काही न बोलता तिच्या हातातून खुर्चीचा पाय घेतला आणि पुढे चालू लागला. ती मागून छत्री धरून निघाली. खुर्ची हिंदकळत होती. वळणावर चांगदेवला ओकारी झाली. ती दादाभाऊच्या बाहीवर पडली.

"थांबा," चांगदेव म्हणाला. "पुसू द्या त्याला."

"चल रं," दादाभाऊ म्हणाला. "पाऊस धुतोय."

सडकेवर एसटी थांबली होती. खिडक्यांतून माणसे बघत होती. चांगदेवचे धोतर वर सरकले होते आणि सुजलेल्या पोटऱ्या उघड्या पडल्या होत्या. त्याचे दोन्ही हात खुर्चीला धरलेले, त्यामुळे त्याला ते सारखे करता येईना. ठकूबाईने पुढे होऊन केले. त्याने डोळे मिटून घेतले होते.

बुधवारी पाऊस उघडला. तिने दिवस उगवायच्या आत ट्रॅक्टर काढला. सडकेवर साचलेला मुरूम ब्लेडने गोळा केला आणि रिव्हर्स घेत, ढकलत, चार-चार हात वर नेला. जिथे ब्लेड जाईना तिथे घमेल्याने टाकला. दुपारपर्यंत तिने कातळ झाकला, वळणापाशी तिरका वरंबा घातला, म्हणजे पाणी तिथेच उजवीकडे पडून जाईल. रस्त्याला पाठ आली. चांगदेव ओट्यावरून बघत होता. आज तो काही सांगत नव्हता. सांगण्यासारखे काही राहिले नव्हते.

शेवटचा फेरा मारून ती उतरत होती. वळणाच्या वर ओला, सैल मुरूम होता. पहिला गिअर होता, पेडलांची कडी लागलेली होती, सगळे जसे सांगितले तसे होते. तरी मागची चाके सुटली. ट्रॅक्टर आडवा होत, आवाज न करता, खाली निघाला. तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. चाके थांबली, ट्रॅक्टर थांबला नाही. समोर दादाभाऊचे खाचर होते, दोन पुरुष खोल, हिरवेगार. मग तिचा हात दांड्यावर पडला. ब्लेड खाली आदळले, खरवडत गेले, कशात तरी रुतले आणि ट्रॅक्टरने गचका देऊन मान टाकली. पुढचे उजवे चाक कडेच्या बाहेर हवेत फिरत होते.

तिने इंजिन बंद केले. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले. मग तिने वर बघितले तर ओट्यावर तो नव्हता.

तो रस्त्यावर पालथा पडला होता. ओट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. ती धावत गेली. त्याचे दोन्ही तळवे सोलवटले होते आणि रक्त थांबत नव्हते. मशीनच्या औषधाने त्याचे रक्त पातळ झालेले होते. धापा टाकत तो तिच्या दंडाला, खांद्याला, तोंडाला रक्ताळलेल्या हाताने चाचपत राहिला.

"काय न्हाई झालं," ती म्हणत होती. "टाकलं ना ब्लेड. तुमी सांगितल्यावानी टाकलं."

संध्याकाळी दिवा लावल्यावर त्याने तिचा उजवा तळवा उघडायला लावला. घट्ट्याशेजारी नवा फोड फुटला होता. त्याने त्यावर खोबरेल लावले. त्याच्या स्वतःच्या तळव्यांना फडकी बांधलेली, त्यामुळे एका बोटाने लावले.

"ठके, किती दिवस करायचं गं हे?"

"काय?"

"रस्ता."

"पाऊस हाय तवर."

तो हसला. बराच वेळ तिचा हात तसाच धरून बसला.

गुरुवारी पहाटे भुरभुर होती. ती सहाला रस्त्यावर जाऊन आली. वरंब्याने आपले काम केले होते. मुरूम जागचा हलला नव्हता. ती आनंदात वर आली, तर चांगदेव मांडीवर फोन घेऊन बसलेला.

"तौहीदचा फोन व्हता. आज न्हाई येत म्हणला. परवा गाडी फसली म्हणून भ्यालाय. कल्याणचं भाडं घेतलंय त्यानं."

"अवो, पण रस्ता चांगला हाय! दुसरं कुणी बघते मी..."

"एका दिसानं काय व्हतंय? परवा शनवार हाय. मंगळवारी चांगलं धुतलंय रक्त. बस हितं."

ती बसली नाही. ती चारीच्या तोंडाशी गेली, त्या दगडांकडे बघत उभी राहिली आणि खाली दादाभाऊच्या कौलांकडे तोंड करून मनात येईल ते बोलली. चारी मोकळी असती तर परवा गाडी फसली नसती. गाडी फसली नसती तर तौहीद भ्याला नसता.

ते दोन दिवस चांगदेव खुशीत होता. त्याने तिला दुपारी झोपायला लावले. ती खरेच झोपली, किती तरी महिन्यांनी, ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत. उठून बघते तर पाण्याचा तांब्या रिकामा. त्याला दिवसाला तीन पेले पाणी, मोजून.

"तुमी प्यालात?"

"तहान लागली व्हती."

शुक्रवारी त्याने ताक मागितले. "एक पेला. मीठ टाकून. दोन वर्सं झाली चव बघून."

तिने नाही म्हटले. मग त्याच्या तोंडाकडे बघून दिले. त्याने पेला संपवला, मिशा पुसल्या आणि आणखी मागितले. तिने तेही दिले.

शनिवारी सकाळी त्याला धाप लागली होती, पण तशी ती नेहमीच लागायची. तिने त्याला खांबाला टेकवून बसवले, कपडे घातले. त्याची बोटे गार होती. खाली जीपचा आवाज आला. तिने कान दिला. आवाज वळणावर आला, कुठे अडखळला नाही, दुसऱ्या गिअरात एका दमात वर चढला.

"ऐकलं का?" ती त्याच्या पायात वहाण सरकवत म्हणाली. "कशी चढली बघा."

त्याचा पाय तिच्या हातात जड झाला. तिने वर बघितले.

तौहीद ओट्याला गाडी लावून हसत उतरला. "काकू, रस्ता तर..." एवढेच म्हणाला आणि थांबला.

दुपारपर्यंत दीड-दोनशे माणसे जमली. सगळ्या गाड्या वर आल्या. मुलगा नव्हता, म्हणजे पाणी द्यायचे ते दादाभाऊने. तो भिजलेल्या पंच्याने, उघड्या अंगाने तिरडीशी वाकला, तशी ठकूबाई बायकांच्यातून उठून पुढे आली.

"हात लावू नका."

"वैनी..."

"हात लावू नका त्यांना! तुमच्या चारीनं खाल्लं माझं माणूस. दोन खाचराच्या भातापायी गाडी यायची बंद केलीत. आता खांदा द्यायला आलात? व्हा मागं!"

कुणी तरी तिला आवरले. कुणी म्हणाले, बाईमाणूस हाय, दुःखात बोलती. पण दादाभाऊ मागे सरला होता. पाणी जावयाने दिले. तिरडी उतरली तेव्हा दादाभाऊ जांभळाखाली उभा होता. माणसे त्याच्या अंगावरून गेली. त्याच्याकडे कुणी बघितले नाही.

दुसऱ्या दिवशी भर पावसात तो एकटा पहार घेऊन चारीचे दगड काढताना दिसला. हर्षालीने आईला सांगितले. ठकूबाई म्हणाली, "आता काय करायचंय?"

दहाव्याला तौहीद आला. कावळा शिवून माणसे घाटावरून पांगल्यावर तो जवळ येऊन उकिडवा बसला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"काकू, आठ दिस झाले, मला झोप न्हाई. त्या गुरवारी मी यायला पायजे व्हतो."

"भाडं व्हतं तुझं. तुझा काय दोष?"

"कसलं भाडं?"

"कल्याणचं."

तौहीद तिच्याकडे बघत राहिला. "मी गाडी काढली व्हती, काकू. ओतूरपर्यंत आलो व्हतो. काकांचा फोन आला. म्हणले, रस्ता समदा वाहून गेला, येऊ नको, शनवारी ये. मी म्हणलं, मंगळवारसारकं खुर्चीत घेऊ की. तर म्हणले, नको." तो थांबला. "आन् म्हणले, ठकू लई दमलीय. एक दिस झोपू दे तिला."

नदीचे पाणी गढूळ होते. त्यात कुणी तरी सोडलेली पत्रावळ फिरत होती.

"शनवारी वर चढलो तवा बघितलं, रस्ता कुठं वाहिला व्हता? मला वाटलं, दोन दिसात तुमीच नीट केला."

ती त्या पत्रावळीकडे बघत राहिली. त्याने दोनदा "काकू" म्हणून हाक मारली, मग उठून गेला.

दहाव्याचा घाट सोडला तर सुतकात बाईने उंबरा ओलांडायचा नसतो. तरी ती बाराव्या दिवशी सकाळी टेप उतरली. दादाभाऊ आणि कुशाबाई खाचरात होते. चारी उघडल्यामुळे आणखी मुरूम आत आला होता आणि निसवलेले भात कंबरेत वाकून त्याखाली गेले होते. दोघे तो मुरूम घमेल्याने बाहेर काढत होते. कुशाबाईने तिला बघितले आणि पाठ फिरवली.

ठकूबाई बांधावर उभी राहून बोलली. तौहीद जे बोलला ते सगळे, एक शब्द न गाळता. दादाभाऊने फावडे टेकले.

"खरं म्हणता?"

"खरं. तुमचा दोष न्हवता, भावजी. मी चारचौघांत बोलले. उद्या तेराव्याला या. चारचौघांतच सांगते."

"काय सांगणार? चांगानं सोताच गाडी थांबवली म्हणून?" त्याने चिखलाच्या हाताने तोंड पुसले. "आन् लोक काय म्हणतील? दुखण्याला कंटाळून जीव दिला म्हणतील. ऱ्हाऊ द्या. गेला तो. त्याच्या नावाला काळं कशाला लावता?"

"आन् तुमच्या नावाला लागलं ते?"

"मी जित्ता हाय. मी बघून घेईन." तो पुन्हा वाकला, फावडे मारले आणि तसाच थांबला. "खांदा न्हाई दिला मी त्याला, वैनी. तेवढं काय परत येत न्हाई."

कुशाबाईने तेव्हा प्रथमच वळून बघितले. "दार लावून रडतोय तवापासून," ती म्हणाली. "भावाचं सुतक घरात पाळू की न्हाई, तेबी कळंना आमाला."

तेराव्याला मांडव घातला होता. पंगत बसायच्या बेतात होती. दादाभाऊ आणि कुशाबाई आली आणि शेवटच्या टोकाला बसली. त्यांच्या शेजारची दोन पाने रिकामीच राहिली. ठकूबाई आतल्या घरातून ओट्यावर आली. हर्षालीने तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला.

"पावणं, जेवायच्या आधी थोडं ऐका."

कुजबूज थांबली.

"त्या दिशी मी ह्यांच्या भावाला तिरडीला हात लावू दिला न्हाई. मी म्हणलं, चारीपायी गाडी आली न्हाई. ते खोटं व्हतं. गुरवारी रस्ता चांगला व्हता. गाडी ओतूरला आलती. ह्यांनीच फोन करून माघारी लावली."

"आई!" हर्षाली म्हणाली.

"वैनी, बास," दादाभाऊ पानावरून उठला होता. "बास करा आता. पावण्यांना वाढू द्या."

पण ती आता त्याच्यासाठी बोलत नव्हती. ती मांडवाच्या कडेतून खाली बघत होती. उन्हात रस्ता वळणापर्यंत सरळ दिसत होता, मधे उंच, दोन्हीकडे उतरता, आणि त्यावर पाहुण्यांच्या गाड्या एकामागे एक लावलेल्या होत्या.

"मला म्हणले, तौहीदला भाडं हाय. त्याला म्हणले, रस्ता गेला. म्हणले, ठकू दमलीय, झोपू दे तिला." तिचा आवाज खाली आला. "मी झोपले बी. चांगली दुपारभर झोपले."

कुणी तरी बायकांत हुंदका दिला. ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हते. कुशाबाई उठून ओट्याशी आली, तिने ठकूबाईच्या पाठीवर हात ठेवला. तिला खाली बसवायला बघत होती. ठकूबाई बसेना. तिने आपला उजवा तळवा उघडून धरला होता आणि तो लोकांना दाखवायचा आहे की स्वतःला, ते तिलाच कळत नव्हते.

"मला एकदा इचारायचं तरी," ती म्हणाली. "मी दमले न्हवते."